‘बदलणे’ या क्रियापदाचा कर्ता

पुलगाव हे नाव वर्धा नदीवरील रेल्वेपुलावरून पडले. गावास नाव देणारी अशी रचना लोकांच्या मनात अढळ असते. परंतु बांधलेली कोणतीही वस्तू केव्हा तरी बदलावी लागते, आणि पुष्कळदा वर्दळ चालू असतानाच बदलावी लागते. गजबजलेल्या विमानतळावरील सरकता जिना बदलणे हे अशा कामाचे ठळक उदाहरण होय. तेथे मूळ योजना आखण्याहूनही काम चालू असता तीत होणारे बदल सांभाळणे अधिक अवघड असते. या अडचणीचे एक मूळ भाषेत आहे, एवढेच प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम जिन्याचाच विचार करू. समजा, सहा मीटर चढाचा ३५ अंशांचा जिना काढून त्या ठिकाणी ३० अंशांचा बसवावयाचे ठरले. कागदावर हा फरक पाच अंशांचाच. परंतु पूर्वीच्या उतरत्या भागास सुमारे ८.६ मीटर आडवी जागा लागत होती, ती आता सुमारे १०.४ मीटर लागेल. म्हणजे खालचे किंवा वरचे टोक सुमारे १.८ मीटर सरकणार. तेथे उतारूंची रांग असेल, आगीच्या वेळचा बाहेर पडण्याचा मार्ग असेल किंवा खालच्या मजल्याची तुळई असेल. एका आकड्यातील फेर अनेकांच्या कामात शिरतो. त्यांपैकी एकासही तो कळला नाही, तर चूक उघडकीस येते ती जिना बसविताना.

आता कार्यालयीन टिपणातील एक वाक्य घेऊ : ‘उंची बदलली.’ मराठीत पडणे–पाडणे, तुटणे–तोडणे अशा जोड्या आहेत. त्यामुळे ‘भिंत पडली’ आणि ‘भिंत पाडली’ यांत घोटाळा होत नाही. ‘बदलणे’ हे मात्र अकर्मकही आहे आणि सकर्मकही. ‘उंची बदलली’ हा कर्तरी प्रयोग मानला, तर उंची आपोआप बदलली. ‘अभियंत्याने उंची बदलली’ हा कर्मणी प्रयोग. त्यातील कर्ता गाळला की उरणारे वाक्य अक्षरशः पहिल्यासारखेच दिसते. कोणी बदलली, कोणाच्या संमतीने, कोणास कळवून, हे तिन्ही प्रश्न व्याकरणदृष्ट्या निर्दोष अशा वाक्यात लुप्त होतात.

हा केवळ वैयाकरणाचा काथ्याकूट नव्हे. मुंबईत अंधेरी येथील गोखले पुलाचा पादचारी भाग ३ जुलै २०१८ रोजी रुळांवर कोसळला. पुढे जुना पूल पाडून नवा बांधण्यात आला व त्याची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी खुली झाली. रेल्वेमार्गावर राखावयाच्या उंचीचे मान वाढल्यामुळे नवा पूल जुन्याहून उंच झाला. त्यास जोडलेला बर्फीवाला उड्डाणपूल मात्र पूर्वीच्याच पातळीवर राहिला. दोन पूल समोरासमोर आले, पण जुळले नाहीत. अखेर बर्फीवाला पूल जॅकच्या साहाय्याने एका बाजूस १,३९७ आणि दुसऱ्या बाजूस ६५० मिलीमीटर उचलावा लागला. ४ जुलै २०२४ रोजी त्यावरून हलकी वाहने जाऊ लागली. एका पुलाची उंची ‘बदलली’; तो बदल शेजारच्या पुलापर्यंत वेळेवर पोहोचला नाही.

यावर उपाय परदेशातून आणावयास नको. तलाठ्याच्या दप्तरात तो आहे. जमिनीचा हक्क पालटला की सात-बारावर थेट खाडाखोड करता येत नाही. प्रथम फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, क्रमांकासह नोंद होते. हितसंबंधितांस नोटीस जाते. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढते. मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि तदनंतरच सात-बारा दुरुस्त होतो. गाळलेला कर्ता आणि विसरलेला शेजारी या दोघांनाही ही पद्धत वाक्यात परत आणते.

अशी वही कामाचा वेग मंदावील, असा आक्षेप येईल, व तो अगदीच निराधार नाही. विमानतळावर रात्रीच्या मोजक्या तासांतच काम होते. तेथे हरकतीसाठी पंधरा दिवस थांबता येणार नाही. परंतु मुदत लहान करणे वेगळे आणि पायरी गाळणे वेगळे. तातडीचा बदल तोंडी आज्ञेने करावा. मात्र सकाळची पाळी येण्यापूर्वी त्याची नोंद व्हावी, आणि तीत आज्ञा देणाऱ्याचे नाव, बदलाचे कारण व त्याची झळ पोहोचणाऱ्यांची यादी असावी.

परिभाषा घडविताना आपण बहुधा नामांचा विचार करतो. क्रियापदांकडेही पाहावयास हवे. ‘बदल करण्यात आला’ असे वाक्य ज्या टिपणात दिसेल, त्याच्या समासात ‘कोणी?’ एवढा एकच शब्द लिहावा. पुढील पुष्कळ अनर्थ त्याने टळेल.