अहिंसेच्या घरातील प्राणिशास्त्र

सिल्व्हर पार्क परिसरातील आपल्या समाजाच्या घरांत मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की तीन वाटा ठरलेल्या असतात : सी.ए., एम.बी.ए. किंवा घरची पेढी. अशा घरातील एखादी मुलगी बी.एस्सी. झाल्यावर ‘मला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करावयाचे आहे’ असे म्हणते, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. जीवांची चिरफाड आपल्या मुलीने करावी काय? आणि या पदवीवर पोट भरेल काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. म्हणूनच ऐकीव समजुतींवर निर्णय न घेता वस्तुस्थिती तपासून पाहिली पाहिजे.

आपल्या पिढीला आठवणारी प्रयोगशाळा म्हणजे मेणाच्या तबकात टाचण्यांनी जखडलेला बेडूक. ते चित्र आता जुने झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 मध्ये प्राणिशास्त्रातील विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबविण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि 2014 मध्ये पदवी व पदव्युत्तर अशा दोन्ही स्तरांवरील अभ्यासक्रमांत विच्छेदन व प्राण्यांवरील प्रयोग यांना मनाई केली. आता प्रतिकृती, संगणकीय आराखडे, सूक्ष्मदर्शकाखालील तयार काचपट्ट्या आणि प्रत्यक्ष निसर्गातील निरीक्षण यांच्या आधारे विषय शिकविला जाणे अपेक्षित आहे.

खरे पाहता या विषयाची तोंडओळख आपल्या मुलांना पाठशाळेतच झालेली असते. शंख व कृमी द्वींद्रिय, मुंगी त्रींद्रिय, माशी व भुंगा चतुरिंद्रिय, पशुपक्षी पंचेंद्रिय, ही इंद्रियांनुसार केलेली जीवांची वर्गवारी आहे. आधुनिक प्राणिशास्त्राचे निकष वेगळे आहेत. तो शरीररचना आणि आनुवंशिकता पाहतो. परंतु ज्या जीवाची दया करावयाची त्याला आधी ओळखावे, ही दृष्टी आपल्याला परकी नाही.

तरीही सावधपणे पाहावयाच्या काही जागा आहेतच. मत्स्यव्यवसाय ही प्राणिशास्त्राची प्रस्थापित शाखा आहे. तिचा रोख अखेर माशांच्या उत्पादनाकडे असतो. रेशीम उद्योगात कोशातील जीव मारला जातो. कीटकशास्त्रात नमुने गोळा करण्याची परंपरा आहे. पुढे पीएच.डी.च्या स्तरावर शरीरक्रियाशास्त्र किंवा औषधनिर्मितीशी संबंधित काही प्रयोगशाळांत नीतिसमितीच्या परवानगीने उंदरांवर प्रयोग केले जातात. म्हणून प्रवेशापूर्वीच विभागात जाऊन विचारावे : कोणत्या विशेष शाखा आहेत? प्रात्यक्षिके कशी होतात? संशोधन प्रकल्पाचा विषय विद्यार्थिनीला निवडता येतो काय? हे प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. परिसरशास्त्र, वन्यजीव, प्राण्यांचे वर्तन, जनुकशास्त्र अशा वाटा मोकळ्या आहेत.

हे शास्त्र जीव वाचविण्याच्या कामी कसे येते, याचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. 2009 मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला बाहेर काढून, गळ्यात संदेश देणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. संशोधक डॉ. विद्या अत्रेय व वनविभाग त्याच्या हालचालींची नोंद ठेवत होते. सुमारे 120 किलोमीटर चालून तो थेट मुंबईलगतच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आला. ‘आजोबा’ या नावाने तो ओळखला गेला. 2014 मध्ये त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला. पकडलेला बिबट्या दूर नेऊन सोडला की प्रश्न मिटतो, ही समजूत अशा अभ्यासांनी खोटी ठरविली. माणूस आणि बिबट्या दोघांचेही प्राण वाचावेत यासाठी हे ज्ञान लागते. मीरा-भाईंदरकरांना तर ते अधिकच जवळचे. एका बाजूला हेच उद्यान, दुसऱ्या बाजूला खाडी, तिवरांची वने आणि मिठागरे. अभ्यासाचे क्षेत्र घराच्या उंबरठ्याशी आहे.

आता हिशेबाकडे वळू. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला ही बाजू टाळता येत नाही. सार्वजनिक विद्यापीठाची पदवी खासगी विद्यापीठांच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडते. मात्र महाविद्यालयात तो वर्ग अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे आधी पाहावे. शुल्कातील मोठा फरक तेथेच पडतो. मीरा रोडहून चर्चगेटची लोकल पकडली की काळा घोडा येथील 1920 मध्ये स्थापन झालेली विज्ञान संस्था चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ती आता डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा भाग आहे. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांतही हा विषय शिकविला जातो. नव्या रचनेत दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्प आहे आणि पहिल्या वर्षानंतर पदविका घेऊन थांबण्याची सोयही आहे.

परतावा मात्र सावकाश मिळतो. केवळ एम.एस्सी.वर आरंभीचे वेतन बेताचेच असते. अध्यापनासाठी नेट किंवा सेट उत्तीर्ण व्हावे लागते. सी.एस.आय.आर.-नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास दरमहा 37,000 रुपये आणि नियमानुसार घरभाडे भत्ता मिळतो. भारतीय वनसेवेची परीक्षा, पर्यावरणीय सल्लासंस्था, प्रयोगशाळा याही दिशा आहेत. थोडक्यात, ही पाच-सात वर्षांच्या मुदतीची ठेव आहे. मुदतीपूर्वी मोडली तर नुकसान. कुटुंबाने तितका धीर धरण्याची तयारी आधीच ठरवावी आणि विवाहाचा विषय मध्येच काढून ती मोडू नये.

सार्वजनिक विद्यापीठ आपल्या समाजाला परके नाही. फोर्टमधील मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि 1878 मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर शेठ प्रेमचंद रायचंद या जैन व्यापाऱ्याच्या देणगीतून उभे राहिले. मनोऱ्याला त्यांनी आपल्या मातोश्रींचे नाव दिले. व्यापारात मिळविलेले धन त्यांनी ज्ञानाच्या कामी लावले. आपण पांजरपोळांना आणि पक्ष्यांच्या रुग्णालयांना सढळ हाताने दान देतो. त्या संस्थांना जीव जाणणारी, त्यांचे आजार आणि अधिवास समजणारी शिक्षित माणसेही हवी आहेत. आपल्याच घरातील मुलगी ते काम शिकू म्हणत असेल, तर तिला नकार देण्यापूर्वी तिच्याबरोबर एकदा त्या विभागात जाऊन यावे.