‘निरंक’ अहवालामागची माणसे



वेठबिगारी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जुन्या काळचा जमीनदार आणि त्याच्या वाड्यावर राबणारी माणसे येतात. माणसांचा व्यापार म्हटला की फूस लावून शहरात नेलेली मुलगी आठवते. दोन्ही गोष्टी आपल्या गावापासून लांबच्या आहेत असे समजून आपण पुढच्या कामाला लागतो. पण आपल्या राज्यघटनेने या दोन्ही गोष्टी एकाच कलमात घातल्या आहेत. तेविसाव्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार या दोहोंना एकदमच मनाई केली आहे. घटनाकारांनी हे उगीच केले नाही. माणूस बाजारात उभा करून विकला काय, किंवा उचलीच्या पैशात अडकवून ठेवला काय, त्याच्या अंगावरची मालकी दुसऱ्याकडे जाते ती जातेच.

शेतीखात्याच्या माणसाने बी-बियाणे, खते, कीड-रोग यांवर लिहावे, हा भलता विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण हा विषय शेतीचाच आहे. सालगडी आपल्या शेतात राबतो, ऊसतोडीची टोळी आपल्या फडात उतरते, वीटभट्टीला आणि मेंढरांमागे जाणारी पोरे आपल्याच वाडीवस्तीवरची असतात.

कायदा काय म्हणतो?

वेठबिगार पद्धती नष्ट करणारा केंद्राचा कायदा १९७६ सालचा. तो २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू धरला आहे. बेड्या घातलेला माणूसच वेठबिगार, असे या कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. कर्ज किंवा उचल दिली आणि तिच्या बदल्यात पुढील चारपैकी एक जरी गोष्ट घडली, तरी ती वेठबिगारी ठरते.

एक, मजुरी न देता किंवा किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणे. दोन, दुसरीकडे काम धरण्याची मोकळीक काढून घेणे. तीन, हवे तिथे जाण्या-येण्याची मोकळीक काढून घेणे. चार, त्याचा माल बाजारभावाने विकण्याचा हक्क हिरावणे.

हीच गोष्ट बापाने घेतलेल्या उचलीपायी मुलाला राबवले तरी लागू होते. अशा उचलीचे कर्ज कायद्याने बुडाले असे समजावयाचे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. आणि हे कर्ज वेठबिगारीचे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार देणाऱ्यावर आहे, घेणाऱ्यावर नाही.

शोषणासाठी माणसांची ने-आण करणे, त्यांना दुसऱ्याच्या ताब्यात देणे हा वेगळा आणि अधिक मोठा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमात त्याला किमान सात वर्षांची सक्तमजुरी आहे. मूल असेल तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. ‘त्याची संमती होती’ ही सबब तिथे चालत नाही.

लग्नगड्यापासून आजपर्यंत

ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात पूर्वी ‘लग्नगडी’ असत. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्या घरी राबायचे. ते पैसे आयुष्यात फिटत नसत. १९४५ साली वारली बांधवांनी किसान सभेच्या झेंड्याखाली, शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या बरोबरीने, वेठ आणि लग्नगडीविरुद्ध लढा उभारला. तरी ती प्रथा पुरती गेली नाही. १९८२ साली विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी स्थापन केलेल्या श्रमजीवी संघटनेला त्याच जिल्ह्यात वसई भागात पुन्हा वेठबिगार मुक्त करावे लागले. तोवर कायदा होऊन सहा वर्षे लोटली होती.

कायदा झाला आणि वेठबिगार तिथेच राहिला, असे का व्हावे? त्याचे एक कारण मोजदादीत आहे.

मोजणी कशी करतात त्यावर उत्तर ठरते

आपल्या खात्यात पिकाचा उतारा काढावयाचा असतो तेव्हा आम्ही शेतकऱ्याला नुसते ‘यंदा किती पिकले?’ असे विचारून थांबत नाही. पीक कापणी प्रयोगासाठी गाव आणि शेत चिठ्ठीने निवडतात. शेतात ठरल्या मापाचा चौकोन आखतात, तेवढे पीक कापतात, मळतात आणि वजन करतात. पंच समोर असतात. म्हणून तो आकडा निदान तपासता तरी येतो.

वेठबिगारांची मोजणी मात्र पुष्कळदा पत्राने होते. वरून विचारणा येते, ‘आपल्या हद्दीत वेठबिगार असल्यास कळवावे.’ खालून उत्तर जाते, ‘निरंक.’ गावाकडून तालुक्याला निरंक, तालुक्याकडून जिल्ह्याला निरंक. ज्याने माणूस अडकवला आहे त्याच्याच ओसरीवर बसून विचारणा झाली तर दुसरे काय उत्तर मिळणार?

आकड्यांतला फरक पाहा. १९७८ च्या सुमारास गांधी शांती प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय श्रम संस्था यांनी दहा राज्यांत पाहणी केली. त्यांचा अंदाज २६ लाख १७ हजार वेठबिगारांचा निघाला. राष्ट्रीय नमुना पाहणीने त्याच काळात सोळा राज्यांत ३ लाख ४५ हजार सांगितले. राज्ये अधिक धरूनही माणसे सातपटीने कमी!

हरियाणात फरिदाबादच्या दगडखाणींचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला. तिथे सक्तीची मजुरी असेलही, पण उचल घेतल्याचे सिद्ध झाल्याशिवाय ती माणसे वेठबिगार म्हणता येणार नाहीत, असे राज्य सरकारचे म्हणणे होते. १६ डिसेंबर १९८३ च्या निकालात न्यायालयाने ते मानले नाही. माणूस सक्तीने राबतो आहे एवढे दिसले की मागे उचल आहे असे धरून चालावे, आणि नसेल तर ते मालकाने किंवा सरकारने दाखवून द्यावे, असे न्यायालयाने सांगितले. विशेष म्हणजे न्यायालयाने नुसत्या कागदांवर भिस्त ठेवली नाही. खाणींवर माणसे पाठवून पाहणी करवली. हा झाला पीक कापणी प्रयोग!

२०१६ साली केंद्र सरकारनेच २०३० पर्यंत १ कोटी ८४ लाख वेठबिगार मुक्त करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. कायदा झाल्यापासून सरकारी दप्तरी प्रत्यक्ष मुक्त झालेली माणसे मात्र तीन लाखांच्या आसपास आहेत.

घरोघर गेले तेव्हा

नीट विचारले तर नीट उत्तर मिळते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जातात अशी ओरड झाली, तेव्हा २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली गेली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांमागे जवळजवळ एक.

यामागचे गणित फडावर गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधीच उचल घेतलेली. एक दिवस काम चुकले की ‘खाडा’, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. मग पोटात दुखो की अंगावर जावो, बाई फडात उभी राहते. प्रत्येक ऊसतोड मजूर वेठबिगार असतो असे मी म्हणत नाही. पण हंगाम संपला तरी उचल फिटली नाही, म्हणून पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावेच लागते, तिथे वर सांगितलेल्या चार खुणा आपण ताडून पाहाव्यात.

त्या पाहणीनंतर काही कामे झाली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळलेल्या उसाच्या टनामागे दहा रुपये आणि तेवढेच शासनाकडून, अशी तरतूद ठरली. मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना २०२१ साली मंजूर झाली. ग्रामसेवकाने मजुरांची नोंद करून ओळखपत्र द्यावे असे ठरले. आकडा हाती आला म्हणून निदान योजना तरी आखता आली.

उलट उदाहरण २०२२ चे. इगतपुरी तालुक्यातील एका कातकरी मुलीच्या मृत्यूनंतर उघड झाले की काही हजार रुपये आणि एखादी मेंढी देऊन वस्तीवरची मुले नगर जिल्ह्यात मेंढरांमागे कामाला नेली होती. नाशिक आणि नगर या दोन्ही जिल्ह्यांत मग शोध सुरू झाला आणि आणखी मुले सापडली. ही मुले त्याआधी कुठल्या तक्त्यात होती? शाळेच्या पटावरून ती गळली होती, तेवढीच त्यांची नोंद.

मुक्त झाल्यावर काय मिळते?

प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांची आणि प्रत्येक उपविभागात प्रांताधिकाऱ्यांची दक्षता समिती असावी असे कायदा सांगतो. तिच्यात अनुसूचित जाती-जमातींचे तीन प्रतिनिधी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात. गुन्हा घडतो आहे का याची पाहणी करणे हे समितीचे कामच आहे. अशा पाहणीसाठी केंद्राकडून जिल्ह्याला साडेचार लाख रुपये मिळण्याची सोय आहे.

सुटका झालेल्याला मुक्ती प्रमाणपत्र मिळते. तो कागद जिवापाड जपावा, कारण पुढची सगळी मदत त्यावर अवलंबून असते. २०१६ च्या योजनेप्रमाणे प्रौढ पुरुषास एक लाख, स्त्रिया व मुलांस दोन लाख आणि अत्यंत हाल झालेल्यांस तीन लाख रुपये ठरले. तातडीची मदत तेव्हा वीस हजारांपर्यंत होती, ती पुढे तीस हजारांपर्यंत वाढवली. वेठबिगारी किंवा मानवी व्यापाराला बळी पडलेल्यास वकीलही फुकट मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

आपल्या घरी काय करावे?

आता थोडे आपल्या घरचे. गुढीपाडव्याला सालगडी ठरवताना उचल देण्याची रीत आहे. उचल देणे हा गुन्हा नव्हे. तिच्या बदल्यात माणूस अडकवून ठेवणे हा गुन्हा आहे. म्हणून पुढील पथ्ये पाळावीत.

१. सालाची रक्कम, धान्य, उचल आणि दरमहा किती कापायचे ते दोन प्रतींत लिहावे. एक प्रत गड्याकडे द्यावी.

२. हिशेबाने पडणारी मजुरी शासनाच्या किमान वेतनाहून कमी नसावी. शेतमजुरीचा चालू दर सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात मिळतो.

३. त्याचे आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक आपल्या कपाटात ठेवू नये.

४. गडी ठरवला तो एकटा ठरवला. त्याची बायको शेणगोठा करीत असेल तर तिची मजुरी वेगळी. चौदा वर्षांखालील मूल कामावर ठेवूच नये.

५. त्याला मध्येच जायचे असेल तर जाऊ द्यावे. राहिलेल्या पैशासाठी त्याला किंवा त्याच्या घरच्यांना अडकवू नये.

पाचवी गोष्ट अनेकांना कडू लागेल. टोळी उचल घेऊन पळाली आणि ट्रॅक्टरच्या कर्जाचे हप्ते मानेवर बसले, अशी शेतकऱ्यांची कितीतरी घरे आहेत. ते दुःख खोटे नाही. फसवणूक झाली असेल तर पोलिसांत तक्रार करावी, दिवाणी दावा करावा. पण मजुराच्या गावी जाऊन माणसे उचलून आणणे, त्याच्या पोराला ठेवून घेणे हा वसुलीचा मार्ग नव्हे. तिथे फसलेला शेतकरीच आरोपी होतो.

मजुरी करणाऱ्या घरांनीही उचल घेताना रक्कम, तारीख, मुकादमाचे नाव आणि कारखान्याचे किंवा भट्टीचे ठिकाण आपल्या वहीत लिहून ठेवावे. त्याची एक नक्कल गावी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांजवळ असावी.

ग्रामसभेचे काम

गावात २ ऑक्टोबरची ग्रामसभा होते आणि त्यानंतर लवकरच टोळ्या निघतात. त्या सभेत एक साधे काम करता येईल. कोणते कुटुंब, किती माणसे, किती मुले, कोणत्या मुकादमाबरोबर, कुठे चालली, याची वही घालावी. १ मेच्या ग्रामसभेत तीच वही उघडून कोण परतले आणि कोण नाही ते पाहावे. जो परतला नाही त्याची चौकशी पोलीस पाटील आणि सरपंचांनी करावी. संशय असेल तर तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. तातडीच्या वेळी पोलिसांसाठी ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

ही वही गावात असली की तालुक्याला ‘निरंक’ लिहिणे सोपे राहत नाही. सरकारची पाहणी शेवटी गावातूनच सुरू होते, आणि गावातले कोणते माणूस बेपत्ता आहे हे गावाइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?