नोंद १० बाइटची, जागा २४ बाइटची

बीड जिल्ह्यात ११ तालुके आहेत. समजा, त्यांच्या रोजच्या पावसाची नोंद सी भाषेतल्या स्ट्रक्चरमध्ये ठेवायची आहे. तालुक्याचा क्रमांक १ बाइट, पावसाचा दशांशी आकडा ८ बाइट, तारीख १ बाइट. बेरीज १०. पण ६४ बिटच्या लिनक्सवर कम्पायलर या नोंदीला २४ बाइट देतो.

कारण प्रोसेसरच्या सोयीत आहे. ८ बाइटचा आकडा मेमरीत ८ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर असला, तर तो एका झटक्यात वाचता येतो. भलत्याच पत्त्यावर असला तर काही प्रोसेसर मंदावतात. स्पार्कसारखे प्रोसेसर तर प्रोग्रॅमच थांबवतात. म्हणून क्रमांकानंतर कम्पायलर ७ बाइट रिकामे सोडतो. तारखेनंतरही ७ सोडतो, कारण पाठोपाठ येणाऱ्या नोंदीतला आकडाही योग्य पत्त्यावर पडला पाहिजे.

३२ बिटच्या इंटेल लिनक्सवर मात्र स्ट्रक्चरमधल्या अशा आकड्याला ४ने भाग जाणारा पत्ता चालतो. तिथे हीच नोंद १६ बाइटची होते. ३२ बिटच्या विंडोजवर ती पुन्हा २४! हे नियम प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या एबीआय या करारात ठरलेले असतात.

पायथनमधून सीचं फंक्शन बोलावताना हा करार दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो. त्यासाठी पायथनचं सीटाइप्स हे मॉड्यूल लिबएफएफआय ही लायब्ररी वापरतं. अँथनी ग्रीन यांनी तिचं काम १९९६मध्ये सिग्नस कंपनीत सुरू केलं. स्ट्रक्चरमधल्या घटकांचे प्रकार क्रमाने सांगितले, की त्या त्या प्लॅटफॉर्मचा हिशेब लायब्ररी स्वतः करते.

पण कुणी ६४ बिटच्या यंत्रावर मोजून ‘पाऊस ८व्या बाइटपासून’ असं प्रोग्रॅममध्ये ठोकून दिलं, तर ३२ बिटच्या इंटेल लिनक्सवर काय होईल? तिथे पाऊस ४थ्या बाइटपासून सुरू होतो. वाचणाऱ्याच्या हाती अर्धा आकडा, तारीख आणि रिकामी जागा यांची सरमिसळ येईल. इशारा मिळणार नाही, प्रोग्रॅम थांबेलच असं नाही. आष्टी तालुक्याचा पाऊस मात्र चुकेल. सीमधला ‘लाँग’ही असाच फसवा: ६४ बिटच्या लिनक्सवर ८ बाइट, ६४ बिटच्या विंडोजवर ४.

बीड-अंबाजोगाईच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच तीन सवयी लावून घ्याव्यात. ठरावीक आकाराचे प्रकार वापरा, रस्ट भाषेत सीसारखीच मांडणी हवी असेल तर स्ट्रक्चरवर ‘रेप्र सी’ लिहा आणि प्रत्येक प्लॅटफॉर्मवर ‘साइझऑफ’ व ‘ऑफसेटऑफ’ने जागा तपासा. कम्पायलर काय करतो याचा अंदाज बांधू नका, त्यालाच विचारा.