पोत्याखालचा श्वास

शिरूरच्या मार्केट यार्डात कांद्याचा हंगाम जोरात असला की सकाळी नुसतं उभं राहून ऐकावं. दोघे जण पोतं उचलतात, तिसरा पाठ वाकवून तयार असतो. पोतं पाठीवर पडतं आणि त्याच्या तोंडून ‘हंऽ’ निघतो. सवयीचाच आवाज, असं मी समजत होतो. एंडोस्कोपीत मला हायटस हर्निया निघाला, आणि मग हा ‘हंऽ’ मला वेगळाच ऐकू येऊ लागला.

आपल्या छातीच्या आणि पोटाच्या मध्ये एक स्नायूंचा पडदा आहे, श्वासपटल. त्याला एक भोक आहे, कारण घास छातीतून पोटात उतरायला वाट हवी. साधारण २५ सेंटिमीटर लांबीची अन्ननलिका या भोकातून खाली येते आणि जठराला मिळते. जठरातल्या आम्लाचा सामू असतो दीड-दोनच्या आसपास. जठराला ते सोसतं, अन्ननलिकेला नाही. म्हणून दारावर दोन पहारेकरी बसवलेत. एक अन्ननलिकेच्या टोकाची स्नायूंची कडी, आणि दुसरा खुद्द श्वासपटल, जो भोकाभोवती चिमटा काढून बसलेला असतो.

खरी गंमत पुढे आहे. आपण जड वजन उचलताना श्वास कोंडतो, तेव्हा पोट हवा भरलेल्या ट्यूबसारखं टणक होतं आणि मणक्याला आधार देतं. या दाबाचं माप पाऱ्याच्या २०० मिलिमीटरवरही गेल्याचं मोजलेलं आहे. कडीचा स्वतःचा दाब मात्र एरवी १० ते ३०. हिशेबाने प्रत्येक पैलवानाच्या घशात रोज आम्ल यायला हवं! तसं होत नाही, कारण पोट आवळलं की त्याच क्षणी श्वासपटलही भोक आवळतं. शिवाय कडीचा थोडा भाग पोटातच असतो, त्यामुळे पोटातला दाब तिलाही बाहेरून दाबून धरतो.

हर्नियात जठराचा वरचा तुकडा भोकातून छातीत सरकतो. कडी त्याच्याबरोबर वर जाते, चिमटा खालीच राहतो. दोन पहारेकऱ्यांची फारकत झाली, की मग वाकून बादली उचलतानाही घशाशी आंबट येतं.

श्वास कोंडून जोर करण्याच्या या युक्तीला इटालियन वैद्य वाल्साल्वाचं नाव आहे. त्याने ती १७०४ मध्ये लिहिली ती कानाच्या ग्रंथात. घाट उतरताना कानाला दडे बसले की नाक दाबून आपण करतो तीच ही. वजनाशी तिचा संबंध नंतर जडला.

तेव्हा वैर वजनाशी नाही, कोंडलेल्या श्वासाशी आहे. हमालाचा ‘हंऽ’ म्हणजे सोडलेला श्वास. आणि पोतं तो जमिनीवरून उचलत नाही, उंचीवरून पाठीवर घेतो. (त्याचे गुडघे आणि कंबर याची किंमत मोजतात, ते विसरून चालणार नाही.)

मी व्यायाम करतो त्या दौंडला राज्य राखीव पोलीस दलाची छावणी आहे, त्यामुळे भरतीच्या पोरांनी इथल्या जिम भरलेल्या असतात. त्यांच्यासारखं शेवटच्या दमापर्यंत ताणणं आता माझ्यासाठी नाही. जेवणानंतर दोन-तीन तास थांबतो, पट्टा करकचून बांधत नाही, दोन फेऱ्या हातात राखून थांबतो. डोकं खाली जाणारे दंड, पोटावर तोललेलं मयूरासन आणि उतरत्या बाकावरची सीट-अप सोडली, पाठीचा बाक थोडा वर उचलून घेतला. बैठका चालतात. आणि रोज दहा मिनिटं पोटाने संथ श्वास घेतो. श्वासपटल स्नायूच आहे, त्यालाही व्यायाम लागतो, आणि याने जळजळ कमी झाल्याचं काही छोट्या अभ्यासांतही दिसलं आहे.

मात्र घास अडकू लागला, उलटीत रक्त आलं किंवा शौचाला काळं झालं, तर जिम नाही, दवाखाना. छातीतली जळजळ जोर लावताना दंडात किंवा जबड्यात उतरत असेल, तर आधी हृदय तपासा, पित्ताची गोळी नंतर.

परवा डेडलिफ्टचा बार मी दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवून, गुडघ्याच्या उंचीवरून उचलला. उचलताना तोंडून ‘हंऽ’ निघाला, चांगला मोठा. शेजारच्या पोराने कानातला हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं.