सामाईक संगणकाच्या पडद्याची मांडणी

सातबारा पाहणे, पीक विम्याचा अर्ज भरणे इत्यादी कामांसाठी परभणी जिल्ह्यातील गावांत एकाच संगणकावर दोघे-तिघे आळीपाळीने बसतात. त्यांत कोणाची दृष्टी तरुण, तर कोणास चाळिशीचा चष्मा. अक्षर बारीक असल्यास इंग्रजी तीन व आठ सारखेच भासतात, आणि गट क्रमांकातील एक आकडा चुकला तरी शेतकऱ्याचा अर्ज अडकतो.

अक्षर मोठे करण्यासाठी पुष्कळ जण पडद्याचे रिझोल्यूशन कमी करतात. ही रीत सदोष होय. सपाट पडद्यावरील प्रकाशबिंदूंची संख्या कारखान्यातच ठरलेली असते; उदाहरणार्थ, १९२० × १०८०. त्याहून कमी संख्या निवडल्यास अक्षर वाढते खरे, परंतु त्याच्या कडा पुसट होतात. शिवाय विंडोजमध्ये हा बदल त्या संगणकावरील सर्वांनाच लागू पडतो. जायकवाडीच्या चारीवर वरच्याने दार वळविले की खालच्या सर्वांचे पाणी बदलते, तसाच हा प्रकार.

स्केलचे तसे नाही. प्रत्येकाने स्वतंत्र खाते घ्यावे व त्यात शिरून सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले या क्रमाने स्केल १२५ अथवा १५० टक्के करावे. रिझोल्यूशन मात्र ‘रेकमेंडेड’ असे लिहिलेलेच राहू द्यावे. स्केलमधील बदल त्या खात्यापुरताच राहतो. एखादा प्रोग्रॅम जुन्याच आकारात दिसल्यास खात्यातून बाहेर पडून पुन्हा शिरावे. पडद्याच्या बटणांनी केलेला उजेड सर्वांना सामाईक असतो. तो खिडकीकडे पाहून ठेवावा. काम संपताच खाते बंद करावे, अन्यथा पुढील माणूस नकळत आपल्याच मांडणीत फेरफार करून जातो.