मुक्या संगणकाची चौकशी

विंडोज १० या प्रणालीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला, आणि ज्यांचे लॅपटॉप धडधाकट असूनही विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हते, अशांपैकी पुष्कळांनी ते यंत्र भंगारात काढण्याऐवजी त्यावर लिनक्स मिंट, उबुंटू किंवा तत्सम एखादी मुक्तस्रोत प्रणाली बसवून घेतली. हे स्थलांतर सहसा सुरळीत पार पडते. वायफाय जोडले जाते, प्रिंटर ओळखला जातो, जुने फोटो उघडतात. आणि मग एखादे नाट्यगीत लावावे, तर पडद्यावरची पट्टी पुढे सरकत राहते, सेकंदांचा आकडा वाढत जातो, सर्व काही यथास्थित चालू असल्याची ग्वाही यंत्र देत राहते, पण कानावर काहीच पडत नाही. अशा प्रसंगी ‘साउंड कार्ड गेले’ असा निवाडा देऊन मोकळे होण्याची घाई घरातील कोणीतरी करतोच. वस्तुतः कार्ड जाणे हा प्रकार विरळा आहे. मुका झालेला संगणक बहुधा कोणत्या तरी हुकमाची इमानेइतबारे तामील करीत असतो, आणि तो हुकूम कोणत्या पायरीवर, कोणाच्या अखत्यारीत निघाला याचा शोध घेणे, एवढेच आपले काम असते.

त्यासाठी ध्वनीच्या वाटचालीचा नकाशा डोळ्यांसमोर हवा. गाणे वाजविणारा प्रोग्राम ध्वनीचे आकडे एका मध्यस्थाकडे सोपवितो. या मध्यस्थाला साउंड सर्व्हर म्हणतात आणि आजकाल तो बहुतेक ठिकाणी ‘पाइपवायर’ असतो. मध्यस्थ ते आकडे कर्नलमधील, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातील, ‘अल्सा’ या विभागाकडे देतो, अल्साचा ड्रायव्हर ते कोडेक नावाच्या चिपपर्यंत पोहोचवितो, कोडेक त्यांचे विद्युत्तरंगांत रूपांतर करतो, आणि शेवटी अँप्लिफायरमधून ते तरंग स्पीकरला मिळतात. यातील प्रत्येक पायरीला आवाज बंद करण्याचा स्वतंत्र अधिकार आहे, आणि एका पायरीने बंद केलेला आवाज दुसरीने कितीही मोठा केला तरी काहीही ऐकू येत नाही.

इतके टप्पे कशासाठी, असे कोणासही वाटेल. त्याचे उत्तर इतिहासात आहे. लिनस टॉरवाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थ्याने १९९१ साली आपल्या लिनक्स कर्नलची घोषणा केली, तेव्हा संगणकावरील ध्वनी ही चैनीची बाब होती. १९८१ च्या आयबीएम पीसीत ‘बीप’ काढणाऱ्या चिमुकल्या स्पीकरपलीकडे काही नव्हते, आणि सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर कार्ड १९८९ साली नुकते कोठे आलेले. फिनलंडमधीलच हानू सावोलाइनेन यांनी त्या कार्डासाठी केलेल्या कामातून ओएसएस ही व्यवस्था उभी राहिली; मात्र साध्या कार्डांवर तिच्यात एका वेळी एकाच प्रोग्रामला कार्डाचा ताबा मिळे आणि दुसरा ताटकळत राही. १९९८ साली यारोस्लाव किसेला या चेक प्रोग्रामरने ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या कार्डाच्या निमित्ताने नवी बांधणी हाती घेतली. तीच अल्सा, जिने डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या कर्नलच्या २.६ या आवृत्तीत ओएसएसला मागे सारले. अनेक प्रोग्रामांचे आवाज एकत्र मिसळण्याची आणि गाणे मध्येच स्पीकरवरून हेडफोनवर हलविण्याची सोय व्हावी म्हणून लेनार्ट पोटरिंग यांचा ‘पल्सऑडिओ’ हा सर्व्हर आला. नोव्हेंबर २००७ च्या फेडोरा ८ मध्ये आणि एप्रिल २००८ च्या उबुंटूमध्ये तो रुजू झाला तेव्हा त्याने अनेकांचे संगणक मुके केले, आणि दोष बऱ्याच अंशी खालच्या ड्रायव्हरांचा असूनही शिव्याशाप मात्र त्याच्याच वाट्याला आले. पुढे रेड हॅटमधील विम टायमन्स यांनी पाइपवायर घडविला. एप्रिल २०२१ च्या फेडोरा ३४ ने, ऑक्टोबर २०२२ च्या उबुंटूने आणि जुलै २०२४ च्या मिंट २२ ने तो स्वीकारला. पाइपवायर पल्सऑडिओची भाषा हुबेहूब बोलतो, त्यामुळे जुनी साधने त्याच्याशी बिनबोभाट व्यवहार करतात. हा इतिहास सांगण्याचे प्रयोजन व्यावहारिक आहे. ‘पल्सऑडिओ काढून टाका’ किंवा ‘अल्सा नव्याने संकलित करा’ असे पंधरा-पंधरा वर्षांपूर्वीचे उपाय आजही हातोहात फिरत असतात, आणि ते आजच्या यंत्रावर केले तर जे थोडेफार चालत होते तेही बंद पडते. उपायाची तारीख पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नये.

चौकशीचा पहिला प्रश्न असा की, ध्वनी जातो कोठे? ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘आउटपुट’ या शीर्षकाखाली उपकरणांची यादी असते. एचडीएमआय केबलने मॉनिटर किंवा टीव्ही जोडलेला असेल, तर प्रणाली पुष्कळदा त्यालाच स्पीकर समजते आणि स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे सारे संगीत निमूटपणे रवाना करते. यादीतून अंगचा स्पीकर निवडला की काम होते. निम्म्याहून अधिक फिर्यादी येथेच निकालात निघतात असे माझे मत आहे. ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ हे छोटे साधन बसवून घेतले, तर प्रत्येक प्रोग्रामपुढे एक पट्टी दिसते, जी ध्वनीबरोबर थरथरते. पट्टी हलत असूनही स्पीकर गप्प असेल, तर प्रोग्राम निर्दोष ठरतो आणि शोध खाली न्यावा लागतो. पट्टीच हलत नसेल, तर ब्राउझरच्या टॅबवर किंवा त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या बटनावर कोणी बोट ठेवले होते काय, हे पाहावे. त्याच साधनातील ‘कॉन्फिगरेशन’ या पानावर कार्डाचे प्रोफाइल ‘ऑफ’ असल्यास ते कार्ड चालू स्थितीतही बेदखल असते.

मध्यस्थावर संशय असेल, तर त्याला वगळून पाहावे. टर्मिनलमध्ये ‘एप्ले’ या आज्ञेला ‘एल’ हे अक्षर जोडून दिले की कर्नलने ओळखलेल्या कार्डांची यादी मिळते, आणि ‘स्पीकर-टेस्ट’ ही आज्ञा त्यांपैकी नेमक्या कार्डाचे नाव देऊन चालविली तर खरखर थेट त्या कार्डातून निघते. ही खरखर ऐकू आली आणि गाणे मात्र आले नाही, तर गोंधळ पाइपवायरच्या किंवा त्याचा कारभार पाहणाऱ्या ‘वायरप्लंबर’च्या दफ्तरी आहे. हे दोघे वापरकर्त्याच्या नावाने चालतात. लॉग आउट करून परत आले की त्यांची फेरसुरुवात होते. तेवढ्याने न भागल्यास वायरप्लंबरने जुन्या निवडींची जी नोंद घरच्या फोल्डरातील लपलेल्या ‘लोकल’ या कप्प्यात ‘स्टेट’ नावाखाली जपलेली असते, ती बाजूला हलवावी, म्हणजे तो नव्याने विचार करतो.

खरखरही आली नाही, तर अल्सामिक्सर उघडावा. या साधनाला सजावट नाही. काळ्या पडद्यावर उभे स्तंभ दिसतात, प्रत्येकाखाली मास्टर, हेडफोन, स्पीकर, पीसीएम असे नाव असते, आणि स्तंभाच्या पायथ्याशी एक बारीक चौकट असते. त्या चौकटीत दोन ‘एम’ दिसले तर ती वाहिनी म्यूट आहे, दोन शून्ये दिसली तर खुली आहे. बाणांच्या कळांनी स्तंभावर जाऊन ‘एम’ ही कळ दाबली की स्थिती पालटते. येथे नवख्याला चकविणारी एक मेख आहे: अल्सामिक्सर प्रथम उघडतो तो बहुधा पाइपवायरचा मुखवटा दाखवितो, ज्यात एकट्या मास्टरखेरीज काहीच नसते; ‘एफ ६’ दाबून खरे कार्ड निवडल्यावरच सर्व स्तंभ समोर येतात. स्पीकरचा स्तंभ शून्यावर असणे, किंवा तो चढलेला असूनही दोन ‘एम’ धारण करून बसलेला असणे, हे दृश्य वारंवार दिसते, कारण सुरक्षिततेखातर अल्साने आरंभापासून वाहिन्या म्यूट ठेवण्याची रीत पाळली होती आणि त्या खुल्या करण्याची जबाबदारी पुढच्या साधनांवर सोपविली होती. उजवीकडे सरकत गेल्यास काही यंत्रांत ‘ऑटो-म्यूट मोड’ हा पर्याय सापडतो. हेडफोन लावताच स्पीकर गप्प करण्याची ही तजवीज आहे. परंतु हेडफोनच्या खोबणीत धूळ बसली किंवा आतली पट्टी वाकली, म्हणजे काहीही न लावता कोडेकला हेडफोन लावल्याचा भास होतो, आणि तो इमानदारीने स्पीकर बंद ठेवतो. दोन-चार वेळा पिन आत-बाहेर करावी. तेवढ्याने भागले नाही तर हा पर्याय ‘डिसेबल्ड’ करावा.

मात्र आउटपुटच्या यादीत ‘डमी आउटपुट’ एवढेच लिहिलेले असेल, तर वरील सर्व खटाटोप व्यर्थ आहे. त्याचा अर्थ मध्यस्थाला खाली एकही कार्ड मिळालेले नाही. आता कर्नलची कैफियत वाचावी लागते. ती ‘डीमेसेज’ या आज्ञेने समोर येते. गेल्या काही वर्षांतील इंटेलच्या लॅपटॉपांत, विशेषतः ज्यांत अंगचे डिजिटल मायक्रोफोन आहेत त्यांत, ध्वनीचे काम एक स्वतंत्र संस्कारक करतो आणि त्याला चालू होताना ‘साउंड ओपन फर्मवेअर’ या नावाची आज्ञावली बाहेरून भरवावी लागते. ती फाइल डिस्कवर नसेल, तर कैफियतीत ‘फर्मवेअर’ या शब्दानंतर वजा दोन असा आकडा आढळतो. कर्नलच्या परिभाषेत त्याचा अर्थ ‘अशी फाइल नाही’ एवढाच आहे. योग्य पॅकेज बसविले आणि यंत्र पुन्हा चालू केले की डमीच्या जागी खरे नाव अवतरते. डेबियन या लिनक्स प्रणालीने तर तत्त्वनिष्ठेपायी मुक्त नसलेली फर्मवेअर आपल्या अधिकृत स्थापना-प्रतींबाहेर वर्षानुवर्षे ठेवली. सभासदांच्या २०२२ मधील मतदानानंतर जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ती आत आली. त्या तत्त्वाविषयी मला आदर आहे, तथापि मुका लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाच्या दृष्टीने तो निर्णय उशिरा आला असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

सर्व प्रणाली पुसून नव्याने बसविणे हा लोकप्रिय उपाय आहे, आणि मला तो मुळीच पसंत नाही. त्याने पुरावा नष्ट होतो. त्यापेक्षा स्थापनेच्याच पेन ड्राइव्हवरून प्रणाली तात्पुरती चालू करावी. तेथे आवाज आला तर यंत्र निर्दोष आहे आणि बिघाड आपल्या सेटिंगचा आहे. तेथेही आला नाही तर प्रश्न ड्रायव्हरचा, फर्मवेअरचा किंवा खुद्द यंत्राचा आहे.

ड्रायव्हरचा प्रश्न हा या विषयातील सर्वांत रंजक भाग होय. इंटेलने २००४ साली ठरविलेल्या एचडी ऑडिओ या मानकानुसार कोडेकच्या कोणत्या पिनला काय जोडले आहे, हे लॅपटॉपच्या निर्मात्याने बायोसमध्ये नोंदवून ठेवावे अशी अपेक्षा असते. निर्माते ती नोंद पुष्कळदा चुकीची करतात, अँप्लिफायरला वीज देणारा संकेत भलत्याच पिनवर ठेवतात, आणि विंडोजसाठीच्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये ती चूक गुपचूप दुरुस्त करून घेतात. लिनक्सला हे गुपित कोणी सांगत नाही. म्हणून कर्नलच्या रिअलटेक कोडेकसंबंधीच्या भागात अशा अपवादांची एक लांबच लांब सूची वाढत गेली आहे, जिच्यातील प्रत्येक ओळीत आधी निर्मात्याचा क्रमांक (डेलचा १०२८, लेनोवोचा १७एए), मग त्या मॉडेलचा क्रमांक, आणि मग त्यासाठी करावयाची दुरुस्ती लिहिलेली असते. सुसे या कंपनीतील ताकाशी इवाई यांनी हा इलाखा दीर्घकाळ सांभाळला आहे. ओळ सूचीत शिरण्यासाठी त्या यंत्राच्या मालकाने ‘अल्सा-इन्फो’ ही आज्ञा चालवून निघालेला तपशील ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांकडे पाठवावा लागतो. ओळ स्वीकारली गेली की ती कर्नलच्या पुढील आवृत्तीतून त्या मॉडेलच्या प्रत्येक वापरकर्त्याला मिळते; म्हणूनच नवा लॅपटॉप मुका निघाल्यास आधी कर्नल अद्ययावत करून पाहावा, न जाणो कोणीतरी तुमच्या आधीच अर्ज केलेला असेल. तोवर थांबवत नसेल, तर ‘मॉडप्रोब’च्या फोल्डरात एक छोटी फाइल ठेवून ड्रायव्हरला मिळत्याजुळत्या मॉडेलची दुरुस्ती लावण्यास सांगता येते. अशी प्रत्येक चाचणी करताना यंत्र नुसते रीस्टार्ट न करता पूर्ण बंद करून मग चालू करावे, आणि शेजारी विंडोजही असल्यास तिचा ‘फास्ट स्टार्टअप’ काढून टाकावा. कारण आधीच्या प्रणालीने कोडेकमध्ये मागे ठेवलेली स्थिती तशीच टिकून राहू शकते, आणि मग आवाज आपल्या दुरुस्तीने आला की तिच्या कृपेने, याची रुजवात होत नाही.