ध्वनिमुद्रिकेचें चुकलेलें केंद्र

जुन्या गायनाच्या ध्वनिमुद्रिका ज्यांच्या घरीं जपून ठेविल्या आहेत, त्यांस एक चमत्कार कधीं ना कधीं ऐकावयास मिळतो. गवई षड्जावर स्थिर असतां तबकडींतून येणारा सूर मात्र पाळण्यासारखा झुलतो. यंत्राची किल्ली पुरती दिलेली असते, सुई नवी असते, तरी झोका थांबत नाहीं. ऐकणारा दोष गवयास देतो. पण पुष्कळदां तो तबकडीच्या भोकाचा असतो.

ज्या धातूच्या ठशानें तबकड्या दाबून काढितात, त्याचा मध्य चुकला तर त्यापासून निघणारी प्रत्येक तबकडी केंद्रच्युत होते. लाखेच्या तबकडीचें भोक वारंवार घालण्याकाढण्यानें झिजून सैलही होतें. मग खांचेचें वर्तुळ स्वतःच्या केंद्राभोंवतीं न फिरतां भलत्याच बिंदूभोंवतीं फिरतें. सुईखालची खांच आंसापासून दूर गेली कीं तिचा वेग वाढून सूर चढतो. जवळ आली कीं उतरतो. मिनिटास 78 फेरे घेणाऱ्या तबकडींत असा एक झोका सुमारें 0.77 सेकंदांत, तर व्हिनाइलच्या 33⅓ फेऱ्यांच्या तबकडींत 1.8 सेकंदांत पुरा होतो.

हा फरक क्षुल्लक समजूं नये. केंद्र 1 मिलिमीटर चुकलें, तर आंसापासून 12 सेंटिमीटरांवर सूर 120 व्या भागानें वरखालीं होतो. गाणें संपत येतां 6 सेंटिमीटरांवर तोच फरक 60 वा भाग होतो. प्रमाणश्रुतीचें गुणोत्तर 81:80, म्हणजे फरक 80 वा भाग! श्रुतींवरील कृष्णाजी बल्लाळ देवल यांचा ग्रंथ 1910 सालीं पुण्यांतच प्रसिद्ध झाला. त्या संशोधनास साहाय्य करणारे खाँसाहेब अब्दुल करीमखाँ यांनीं याच शहरांत आर्य संगीत विद्यालय चालविलें. 1937 सालीं ते निवर्तले; आतां त्यांच्या श्रुति ऐकावयाच्या त्या मुद्रिकांतूनच. भोक वांकडें असेल, तर शिकणाऱ्याच्या कानीं खोटी श्रुति पडेल.

परीक्षा सोपी आहे. तबकडी फिरत असतां सुईच्या दांड्याकडे पाहावें. तो प्रत्येक फेऱ्यास डावी-उजवीकडे हलत असेल, तर केंद्र चुकलें आहे. एकंदर हालचालीच्या निम्मी ती चूक. भोक सैल असल्यास सुई उचलून तबकडी किंचित् सरकवावी व दांडा स्थिर होईपर्यंत पुनः पाहावें. मग उरलेल्या फटींत कागदाची पट्टी बसवावी. भोक तंग असल्यास तबकडी जोरानें दाबूं नये, लाख तडकते. पेन्सिलीस बारीक कांचकागद गुंडाळून कड सर्व बाजूंनीं हळूहळू घासावी, आणि भुकटी खांचेंत जाऊं न देतां पुसावी.

दुर्मिळ मुद्रिकेस मात्र कानस लावूं नये. संग्रहालयांत अशा कामासाठीं मधली खुंटी काढतां येणारें यंत्र वापरितात. त्यावर तबकडी हवी तशी सरकवून केंद्र साधतां येतें आणि भोकही अभंग राहतें. ज्याच्यापाशीं तें यंत्र नाहीं, त्यानें मुद्रिका जाणत्याच्या हातीं द्यावी. घासून गेलेली कड परत येत नाहीं.